बोली ८,०००ची, बिल ९,७१६चं

प्रश्न : मुंबईच्या एका लिलावात शिवराईंचा (मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा) लॉट ८,००० रुपयांना घेतला. बिल ९,७१६चं आलं. त्यात कमिशन १५ टक्के लिहिलंय. बाकीचं कळलं नाही. – एक वाचक, खानापूर

उत्तर : बिल बरोबर आहे. बोलीवर १५ टक्के कमिशन म्हणजे १,२००, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१६, आणि पार्सल-विम्याचे ३००. काही ठिकाणी खुद्द नाण्यावरचा कर वेगळा लावतात. तो लागणार की नाही, हे बोलीआधी फोन करून विचारा. कॅटलॉगच्या अटी बारीक टायपात असतात आणि बरेच जण फोटो बघूनच पान उलटतात.

पुढच्या वेळी हिशेब उलटा धरा. एकूण १०,०००च घालायचे असतील तर आधी पार्सलचे ३०० काढा. उरलेल्या ९,७०० ला १.१७७ ने (बोलीचा १, कमिशनचे ०.१५, त्यावरच्या जीएसटीचे ०.०२७) भागा, ८,२४१ येतात. बोली दोनशे-दोनशेने चढत असेल तर ८,२०० ला हात खाली. बोलीच्या भरात हे गणित जमत नाही. आकडा आधीच कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : मेव्हणे कोल्हापूरला असतात. नाणी त्यांच्या पत्त्यावर मागवली तर कर वाचेल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. मुंबईहून कर्नाटकात माल आला की कमिशनवर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, १८ टक्के. महाराष्ट्रातच राहिला की केंद्राचे ९ आणि राज्याचे ९. उलट बिल तुमच्या नावावर आणि पार्सल पाव्हण्यांच्या, अशाने विम्याचा दावा अडकू शकतो.

खर्च वाचतो तो लॉट एकत्र मागवून. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, तीस रुपये मिळून ३५० ग्रॅमही भरत नाहीत. कुरिअरचा पहिला टप्पा ५०० ग्रॅमचा असेल, तर एका नाण्याला आणि तिसांना भाडं तेवढंच. विमा मात्र किमतीवर वाढतो. तीनशेच्या नाण्यासाठी अडीचशेचं पार्सल मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

प्रश्न : पार्सलमध्ये एक नाणं कमी निघालं तर? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : बहुतेक कुरिअरच्या अटींत नाण्यांची जबाबदारी नाकारलेली असते. म्हणून विमा कोण उतरवतो आणि किती रकमेचा, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. पाकीट हातात आलं की सही करण्यापूर्वी चिकटपट्टी बघा, लेबलवरचं वजन घरच्या काट्यावर ताडा. फोडताना व्हिडिओ सलग घ्या, मध्ये बंद करू नका. सुरुवात सीलबंद पाकिटाच्या सगळ्या बाजू दाखवून करा.

नाणी मऊ, तेलकट वासाच्या पीव्हीसी पाकिटात आली असतील तर त्याच दिवशी बाहेर काढा. त्या प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्याने तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो, आणि शिवराई तांब्याचीच.