खरवडीचे तीन वाटे

प्रश्न असा आहे: ‘भावंडांसोबतचा असा कोणता साधा घरगुती प्रसंग आहे, जो आठवला की आजही हसू येतं? मी एकुलती एक आहे, त्यामुळे भरल्या घरात दिवसभर नेमकं काय चालतं ते ऐकायचंय.’

दिवसभर वाटणी चालते. आमच्या घरात तरी तेच चालायचं. दादा, मी आणि छोट्या अशी आम्ही तिघं. तिघांत एक गोष्ट आली की ती तीन ठिकाणी मोजून, मापून, शक्य असेल तर पट्टी लावून वाटली जायची. बाहेरच्याला वाटेल किती ही हावरट पोरं! पण त्या मोजामोजीत जी मजा होती, ती मला नंतर कुठंच मिळाली नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या कुरडयांचं सांगते.

आमचं घर कराडचं. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम चालत दहा मिनिटांवर. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की आज्जी गहू भिजत घालायची. तीन दिवस गहू पाण्यात, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत स्वयंपाकघरात तो आंबूस वास भरून राहायचा. मग गहू वाटायचे, फडक्यातून पिळून चोथा वेगळा काढायचा आणि ते दुधासारखं पाणी रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळपर्यंत चीक तळाला बसतो. वरची पिवळसर निवळ अलगद ओतून दिली की खाली पांढराशुभ्र, घट्ट गोळा. बोट रोवलं तर रुतत नाही आणि हळूच टेकवलं तर आत जातं. छोट्या त्यात बोट घालून बसायचा आणि आज्जी त्याच्या हातावर चापट मारायची. दरवर्षी.

चीक शिजवायचं काम पहाटे पाचला. ऊन वर यायच्या आत कुरडया गच्चीवर पडायला हव्यात, आणि चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायला हवा, गार झाला की दाबला जात नाही. एरवी सुट्टीत आठ वाजले तरी न उठणारे आम्ही तिघं त्या दिवशी न उठवता उठायचो. आधणात मीठ, हिंग, मग आई धार धरायची आणि आज्जी लाटण्यानं घोटायची. गुठळी होऊ द्यायची नाही. चीक शिजत आला की काचेसारखा चकाकायला लागतो आणि पातेल्यातून ‘फद्‌ फद्‌’ आवाज येतो. तो आवाज आला की आम्ही वाट्या घेऊन रांगेत. मला दूध-साखर घालून लागायचा, दादाला कच्चं तेल आणि लाल तिखट घालून. छोट्या आधी तूप-साखर घ्यायचा आणि अर्धी वाटी संपली की दादाच्या वाटीत बघत बसायचा. मग दादा न बोलता एक घास त्याच्या वाटीत टाकायचा.

खरी लढाई मात्र खरवडीवर. चीक काढून घेतल्यावर पातेल्याच्या बुडाला जो पापुद्रा राहतो, तांबूस, कडेनं कुरकुरीत आणि मध्ये चिवट, ती खरवड. पातेलं एक, खरवड एक आणि आम्ही तीन. एका वर्षी त्यावरून एवढी मारामारी झाली की आज्जीनं कायदाच केला: ‘जो वाटे पाडंल, त्यानं शेवटी उचलायचं.’ आजही मला याहून चांगला कायदा माहीत नाही. दादा उलथन्यानं खरवडीवर रेघा ओढायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर इतकी काळजी असायची, की तेवढी दहावीच्या पेपरालाही नव्हती. छोट्यानं तर एकदा कंपासपेटीतली पट्टी आणली. पातेलं गोल, पट्टी सरळ! तो काठापासून मध्यापर्यंत मापं घेत बसला आणि तोवर खरवड गार होऊन पातेल्याला चिकटली. शेवटी आईनं पाणी शिंपडून ती सोडवली. तरी आम्ही मापाप्रमाणेच खाल्ली.

मग राखण. गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया, प्लास्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या, ताटात सांडगे. कावळे आणि शेजारची दोन मांजरं हे आमचे शत्रू. काळी छत्री उघडून ठेवली तर कावळे पहिल्या दिवशी घाबरतात, दुसऱ्या दिवशी तिच्यावरच येऊन बसतात. छोट्यानं कुठल्याशा शेतात बघितलं होतं की कॅसेटची टेप बांधली की ती वाऱ्यानं चमकते, गुणगुणते आणि पाखरं येत नाहीत. त्यानं कॅसेट घेतली ती दादाची. दादानं महिनाभर मित्राच्या टेपरेकॉर्डरवर एकेक गाणं जमवून भरलेली. दुपारी दादा गच्चीवर आला तर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत त्याची गाणी उन्हात फडफडत होती. मी श्वास रोखून जिन्यात उभी. छोट्या तर टाकीमागं लपला होता. दादा बराच वेळ नुसता बघत राहिला. कावळा एकही नव्हता. मग तो पुढं झाला, एका बाजूची सुटत आलेली गाठ त्यानं घट्ट केली आणि म्हणाला, ‘बाहेर ये. पुढच्या वेळी विचारून घे.’ संध्याकाळी मात्र छोट्याला त्याची सायकल पुसावी लागली, आठ दिवस.

राखणदारही धुतल्या तांदळाचे नव्हते. साबुदाण्याची पापडी दुपारपर्यंत वरून सुकते आणि आतून ओली राहते. ती अर्धीकच्ची पापडी तोंडात टाळूला चिकटते. कुणी खाल्ली नसेल तर आयुष्यात एकदा तरी खावी. आम्ही तिघं प्रत्येकी दोन खायचो, समान, आणि मग बाकीच्या सरकवून ओळ पुन्हा सारखी करायचो. आई वर यायची, एक नजर टाकायची आणि म्हणायची, ‘सहा कमी आहेत.’ तिला मोजता न मोजता कसं कळतं, याचं आम्हाला वर्षानुवर्षं कोडं. माझ्या लग्नानंतर तिनं सांगितलं. ओली पापडी प्लास्टिकवर आपला गोल ठसा सोडते. पापडी सरकवली तरी ठसा जागचा हलत नाही. तिनं कधी पापड्या मोजल्याच नव्हत्या, रिकामे गोल मोजले होते.

आता ज्या रात्रीमुळं हसू येतं, ती रात्र. 24 एप्रिल 1998, शुक्रवार. तारीख लक्षात राहायचं कारण तुम्हालाही ठाऊक असेल. शारजात भारत-ऑस्ट्रेलिया फायनल आणि सचिनचा पंचविसावा वाढदिवस. दोनच दिवसांपूर्वी, बुधवारी, वाळूच्या वादळानं थांबलेल्या सामन्यात त्यानं 143 काढल्या होत्या. आपण तो सामना हरलो, पण फायनलला पोहोचलो. त्यामुळं शुक्रवारी अख्खं घर टीव्हीसमोर. जिंकायला 273 हव्या होत्या आणि सचिन रंगात आला होता. वर गच्चीवर त्याच सकाळच्या कुरडया होत्या. बहुतेक धोतरावर, आणि जागा पुरली नाही म्हणून काही बाजेवर चादर टाकून. पहिल्या दिवशीची कुरडई बाहेरून सुकली तरी आतून लोण्यासारखी असते, उचलायला गेलं की तुटते. म्हणून ती रात्री उघड्यावरच राहते.

आणि वळीव आला. आधी वारा, मग मातीचा वास, मग पत्र्यावर टपोरे थेंब. छोट्या ओरडला, ‘शारजातलं वादळ आपल्याकडं आलं!’ त्याच क्षणी लाइट गेली. टीव्ही बंद, गल्ली काळीकुट्ट. अण्णा म्हणाले, ‘उठा, कुरडया!’

धोतर चारी कोपऱ्यांनी ताणून धरून आई-अण्णांनी खाली नेलं. बाज आम्हा तिघांच्या वाट्याला आली. आमचा जिना बाहेरून, अरुंद, आणि मधोमध वळण. दादा पुढं, उलटा उतरत. मी मागं. छोट्या तेव्हा नऊ वर्षांचा, त्याचा हात पोहोचेना, म्हणून तो मध्ये बाजेखाली शिरून डोक्यानं ती तोलून धरत होता. खाली दारात आज्जी कंदील घेऊन उभी. ‘आडवी धरा! अगं, आडवी म्हंजे सपाट!’ वळणावर बाज अडकली. पुढं जाईना, मागं येईना. पाऊस वाढायला लागला. दादा म्हणे डावीकडं, मी म्हणे उजवीकडं, कारण त्याचं तोंड माझ्याकडं आणि माझं त्याच्याकडं. बाजेखालून छोट्या विचारत होता, ‘कुणाची डावी?’

तेवढ्यात नदीपलीकडून फटाक्यांचा आवाज आला. तिकडं लाइट होती. एक सुतळी बॉम्ब, मग दुसरा, मग लांबलचक माळ. दादाचा चेहरा कंदिलाच्या उजेडात मला अजून दिसतो. ‘शंभर!’ असं म्हणून त्यानं एक हात सोडून वर केला.

बाज कलली. चादर सरकली. आठ-दहा ओल्या कुरडया घसरत आल्या आणि थेट बाजेखालून डोकावणाऱ्या छोट्याच्या डोक्यावर. त्याला काही कळलंच नाही. तो तसाच बाज तोलत उभा, आणि कपाळावरून दोन्ही गालांवर चिकाच्या पांढऱ्या तारा लोंबताहेत, बरोब्बर मुंडावळ्या बांधल्यासारख्या. आज्जीनं कंदील वर धरला, नीट निरखून बघितलं आणि आत वळून हाक दिली, ‘अगं ए, नवरदेव दारात आलाय, ओवाळायला या!’

मी मागं पायरीवरच बसले. दादाला हसून हसून उभं राहता येईना. आई धावत आली, तिला आधी वाटलं पोराला लागलं, मग तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पावसात भिजत, अडकलेल्या बाजेच्या दोन्ही बाजूंना आम्ही किती वेळ हसत होतो कोण जाणे. छोट्यानं गालावरची एक तार ओढून तोंडात घातली आणि म्हणाला, ‘मीठ कमी आहे.’

लाइट आली तेव्हा सामना संपत आला होता. सचिनच्या 134 झाल्या होत्या आणि तो बाद होऊन परतला होता. आपण सहा गडी राखून जिंकलो. माझ्या डोक्यात मात्र ती फायनल जिन्याच्या वळणावरच खेळली गेली.

छोट्याच्या लग्नात, अंतरपाट धरलेला, त्याच्या कपाळाला खऱ्या मुंडावळ्या, मंगलाष्टकं चाललेली. दादा त्याच्या मागं उभा होता. मी आधीच दादाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिसरं मंगलाष्टक संपलं आणि दादा त्याच्या कानाशी वाकून इतकंच म्हणाला, ‘कुणाची डावी?’ नवरदेवाच्या मुंडावळ्या हलायला लागल्या. अंतरपाटापलीकडं नवरीला वाटलं, तो रडतोय. तिनं नंतर आम्हाला सांगितलं की त्या क्षणी तिला त्याच्याबद्दल फार माया वाटली. खरं कारण तिला वर्षभरानं कळलं, तेही कुरडया करतानाच.

माझं सासर जळगावकडचं. तिथं ज्वारीचे बिबडे करतात. माझा नवरा आणि त्याच्या बहिणी शिजवलेल्या गरम पिठावर तेल घालून खाताना अशाच भांडायच्या. त्या तिघांच्या गोष्टी सुरू झाल्या की मला आपल्याच घरात बसल्यासारखं वाटतं. कोकणातल्या मैत्रिणीकडं हेच आंब्याच्या साठांवरून. घर बदललं की वाळवण बदलतं, टाळूला चिकटणारा अर्धाकच्चा घास तेवढा सगळीकडं असतो.

तुम्ही एकुलत्या एक आहात असं लिहिलंत, म्हणून या वर्षीचं सांगते. माझी मुलगीही एकुलती एक आहे. आज्जी आता नाही. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळं गेली काही वर्षं कुरडया विकतच्या यायच्या, आणि विकतच्या कुरडयांना खरवड नसते. एप्रिलमध्ये आम्ही तिघांनी ठरवून कराड गाठलं. किलोभरच गहू भिजवले. दादाची दोन मुलं, छोट्याचा मुलगा आणि माझी लेक, चौघं पहाटे पाचला वाट्या घेऊन बसलेली. चीक काढला, पातेलं मधोमध ठेवलं आणि दादानं आज्जीचा कायदा आज्जीच्याच आवाजात सांगितला. वाटे पाडायचं काम माझ्या लेकीकडं आलं. घरी ती कुठलीच गोष्ट मोजत नाही, सगळं तिचंच असतं. तिनं उलथनं हातात घेतलं, पातेल्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून कडेनं बघितलं आणि मग रेघ ओढली. पुसून पुन्हा ओढता येत नाही, हे तिला रेघ ओढल्यावर कळलं.

तिघांनी उचलून झाल्यावर तिच्या वाट्याला आलेला तुकडा अर्धं बोट लहान निघाला. तिनं तो दादाच्या धाकट्याच्या तुकड्याला लावून बघितला आणि मग जे भांडण सुरू झालं, ते चहा झाला, कुरडया घालून झाल्या, ऊन गच्चीभर पसरलं, तरी चालूच. ‘तू मुद्दाम मोठा घेतलास!’ ‘तूच कापलास ना!’ ‘मग काय झालं?’

आईनं आतून मला हाक मारली, ‘अगं, सोडव की त्यांचं!’

मी गेले नाही. जिन्याच्या वळणावर बसून सगळं ऐकत राहिले.