डोमेनचा एक-चौदाचा उतारा कोणाच्या नावावर?

होमस्टेची वेबसाइट पाच वर्षांपूर्वी ज्याच्याकडून करून घेतली, तो आता फोन उचलत नाही. दरवर्षी पैसे मीच दिले. डॉट कॉम नाव माझंच ना? (मांद्रे)

पैसे कोणी दिले हे नंतर बघू. जमिनीच्या बाबतीत आपण आधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढतो, तसं इथेही आधी डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंद बघायची. आयकॅन या डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाका. युरोपच्या २०१८च्या खाजगीपणाच्या कायद्यानंतर मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार (नावाची नोंदणी करणारी कंपनी), मुदतीची तारीख आणि नेमसर्व्हर (त्या नावाची साइट आणि मेल कुठे आहेत हे सांगणारे सर्व्हर) दिसतात. रजिस्ट्रारला मुदत संपायच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी मालकाला सूचना पाठवावीच लागते. त्या सूचना तुमच्या ईमेलवर येत असतील तर अर्धं काम झालं. त्याच ईमेलवरून खात्याचा पासवर्ड बदलून बघा. तुम्हाला एकही सूचना कधी आली नसेल, तर त्याने नाव स्वतःच्याच नावावर घेतलंय असं धरून चाला.

माणूस सापडला आणि तयार झाला तर त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या: ट्रान्सफरचं कुलूप काढणं आणि ऑथ कोड (नाव हलवायला लागणारा गुप्त कोड) देणं. तो कोड नव्या रजिस्ट्रारकडे दिला की जास्तीत जास्त पाच दिवसांत नाव तुमच्या खात्यात येतं. इथे माणसं दोन ठिकाणी अडकतात. पहिली अडचण अशी, की जुन्याच खात्यात मालकाचं नाव आधी बदललं तर अनेक रजिस्ट्रार साठ दिवस ट्रान्सफर अडवतात. म्हणून ट्रान्सफर आधी करा, नावातला बदल नंतर. दुसरी अडचण जास्त महागात पडते. नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर ट्रान्सफरनंतर ते कधीही बंद होऊ शकतात. मग वेबसाइट जाते आणि तिच्याबरोबर बुकिंगचे मेलही. त्यामुळे ए, एमएक्स आणि टीएक्सटी या नेमसर्व्हरवरच्या सगळ्या नोंदी आधी उतरवून घ्या, नव्या जागी भरा आणि मगच कोड वापरा.

तो ऐकतच नसेल तर रजिस्ट्रार न्यायनिवाडा करत बसत नाही. पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याचा पुरावा गोळा करा आणि वकिलाची नोटीस पाठवा. डोमेनच्या तक्रारींचे लवाद असले धंद्यातले करारभंग सहसा हातात घेत नाहीत.

दुकानाच्या डॉट कॉम नावाची मुदत संपून बारा दिवस झाले. साइटवर भलत्याच जाहिराती दिसतात, मेल येत नाहीत. नाव गेलं का? (म्हापसा)

बहुधा नाही. मुदतीनंतर नेहमीच्या दरात नूतनीकरणाला जास्तीत जास्त ४५ दिवस मिळू शकतात, पण नेमके किती ते रजिस्ट्रार ठरवतो. काही जण नाव त्याआधीच लिलावात काढतात, तेव्हा आजच पैसे भरा. नाव एकदा खोडलं गेलं की पुढचे ३० दिवस ते दंड भरून सोडवता येतं. त्यानंतरचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं होतं. साइट बंद पडणं हा बिघाड नाही: मालकाचं लक्ष जावं म्हणून नियमानेच ती तोडतात. पैसे भरल्यावर सगळीकडे सुरळीत व्हायला काही तास, क्वचित एखादा दिवस जातो. मधल्या काळात परत गेलेले मेल मात्र आपोआप येणार नाहीत.

नूतनीकरणाचं बिल आलं की पाठवणारा नोंदीतलाच रजिस्ट्रार आहे का ते बघा. खोटी बिलं नेमकी याच सुमाराला येतात.

मसाल्यांच्या घरगुती धंद्यासाठी देवनागरी नाव घ्यावं का? मराठी आणि कोंकणीसाठी वेगळं लागेल का? (फोंडा)

वेगळं लागत नाही. ‘डॉट भारत’ हे देवनागरी टोक (‘डॉट कॉम’सारखा नावाचा शेवट) २०१४ साली आलं, तेव्हा हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी वगैरे आठ भाषांसाठी ते एकच होतं.

देवनागरी नाव घ्या, पण एकटं नको. आतमध्ये ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच साठवलं जातं, आणि देवनागरी ईमेल पत्ता आजही कित्येक फॉर्म ‘चुकीचा’ म्हणून परत करतात. मेल रोमन नावावर ठेवा, देवनागरी नाव तिकडे वळवा.

नाव निवडताना आपल्याकडची खास अडचण म्हणजे ‘ऱ्य’. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्यात बरीच सॉफ्टवेअरं ते अदृश्य चिन्ह गाळतात आणि ‘किनार्यावर’ असा रफार उरतो. असे शब्द टाळा. ‘माडावळ’सारखं सरळ नाव बरं.

आमच्या फेणीच्या ब्रँडचं डॉट इन नाव कोणीतरी घेऊन दोन लाख मागतोय. फेणीला तर भौगोलिक मानांकन आहे! (मडगाव)

काजू फेणीला ते २००९ साली मिळालं, पण डोमेनच्या वादात ते एकटं पुरत नाही. तिथे तुमच्या ब्रँडवरचा हक्क, म्हणजे प्रामुख्याने ट्रेडमार्क, लागतो. डॉट इनची तक्रार निक्सी या डॉट इन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे जाते आणि निक्सी लवाद नेमते. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या चिन्हाशी घोटाळा होण्याइतकं सारखं आहे, त्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे. डॉट कॉमच्या नियमात नाव वाईट हेतूने *घेतलं आणि वापरलं* असं दोन्ही सिद्ध करावं लागतं. डॉट इनला त्यांपैकी एक पुरतं, म्हणजे तुमची बाजू थोडी हलकी आहे.

‘किती घेणार?’ असं आपण होऊन विचारू नका. त्याने स्वतःहून सांगितलेली किंमत हा तुमचा पुरावा असतो, तुम्ही मागवलेली असेल तर त्याची धार जाते. आणि त्याने नाव तुमचा ब्रँड सुरू व्हायच्या आधीच घेतलेलं असेल, तर तक्रारीवर खर्च करू नका.

‘डॉट गोवा’ मिळेल का? (काणकोण)

कागदावर तरी अडचण नाही. पण राज्यांची नावं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत असतात, म्हणून सरकारचं संमतिपत्र लागेल. नुसतं अर्जाचं शुल्क आयकॅनच्या नव्या टोकांसाठीच्या २०१२च्या फेरीत १,८५,००० डॉलर होतं, २०२६च्या फेरीसाठी ते २,२७,००० डॉलर ठरलं, आणि अर्ज मागे घेतला तर सगळी रक्कम परत येत नाही.