ग्लायडरचं विचारलंत, विम्याचं काय?

प्रश्न: आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगा 14 वर्षांचा आहे, इथल्या क्लबात ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला, शिकतोय, त्याला पायलट व्हायचंय. तिघा पालकांत मिळून 120 किलो वर्गातलं हलकं एकसीटर ग्लायडर घ्यावं म्हणतोय. माझा वाटा 15,000 युरो. त्यासाठी त्याच्या चाइल्ड प्लॅनवर कर्ज काढू का? हप्ता वर्षाला 2 लाख रुपये, मुदत 15 वर्षं, 6 हप्ते भरलेत. शेवटी कोटभर मिळतील, असं मेव्हणे म्हणाले, तेच एजंट. विमा माझा, 20 लाखांचा, दुसरा नाही. घराचं कर्ज 4 लाख युरो आहे, पत्नी नोकरी करत नाही.

उत्तर: युरो ढोबळ 100 रुपयांचा धरू. तुम्हाला 15 लाख हवेत आणि पॉलिसीत भरलेत 12. एवढं कर्ज मिळणारच नाही. तो विषय संपला.

खरी काळजी पत्राच्या शेवटी आहे. डोक्यावर 4 लाख युरोंचं कर्ज आणि विमा 20 हजार युरोंचा! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या हाती कर्जाचा विसावा हिस्सा येईल. जर्मनीतच साधी टर्म पॉलिसी घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी, किमान 5 लाख युरोंची. तब्येत ठीक असेल तर वर्षाला काही शे युरोंत होईल. मुलाबरोबर तुम्हीही उडणार असाल तर फॉर्मवर तसं लिहा. लपवलंत तर क्लेम अडकेल.

आता कोटीचं. वर्षाला 2 लाख, 15 वर्षं, त्याचे कोटभर व्हायला 14 टक्के परतावा लागतो. असल्या पारंपरिक पॉलिसीत साडेपाच सुटले तरी नशीब, म्हणजे हाती 47 लाखांच्या आसपास. तेही मुलगा 23 चा झाल्यावर! पायलट ट्रेनिंगची फी भरायची ती अठरा-विसाव्या वर्षी. मेव्हण्यांनी मुलाचं वय तरी विचारलं होतं का?

पुढचा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी मोडून आत्ता मिळतील ते) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी चालू ठेवली तर शेवटी मिळतील ते), दोन्ही रकमा लेखी मागवा. भरलेले 12 लाख विसरा. उरलेले 18 लाख तिथेच घालायचे का, एवढंच बघा. मी पेड-अप करून मोकळा झालो असतो. पण आधी टर्म पॉलिसी हातात येऊ दे.

ग्लायडरबद्दल म्हणाल तर ही हलकी यंत्रं फार गोड असतात. स्विस आर्किऑप्टेरिक्स तर रिकामं जेमतेम 54 किलोचं, डोंगरउतारावरून पायी धावत उडवता येतं. पण एकसीटरमध्ये शिकवणारा बसणार कुठे? मुलाला आत्ता हवं ते क्लबातलं एएसके 21: दोन सीटचं, सुमारे 360 किलोचं, नवशिक्यांचे दणके सोसणारं. युरोपात सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, 14 व्या वर्षी करता येतं, लायसन्स 16 व्या वर्षी. क्लबातले शिक्षक बहुधा बिनपगारी असतात, विंचने (दोर ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्राने) वर जायलाही थोडेच युरो पडतात. हिवाळ्यात पोरांना वर्कशॉपमध्ये पंख घासायला लावतात, तेही शिक्षणच. लायसन्स हाती आल्यावरही हौस टिकली तर वाट्याचं बघू. तोवर ते 15,000 बाजूला असतीलच तर मुदत ठेवीत राहू देत.