ओहायोतला ‘सिटी टॅक्स’: वाळूजहून कोलंबसला येणाऱ्यासाठी

तू विचारलंस ते असं: संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या प्लँटमधून कंपनी तुला अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या ऑफिसला पाठवतेय. सोबत आलेल्या अंदाजी पे-स्लिपवर फेडरल आणि स्टेट टॅक्सच्या खाली ‘कोलंबस सिटी 2.5 टक्के’ अशी आणखी एक ओळ आहे. ती कसली, टाळता येते का, आणि राहायला कोलंबसच्या उपनगरांपैकी हिलियर्ड बरं की डब्लिन?

टाळता येत नाही. पण हा पैसा कुठं जातो ते कळलं की राहायचं कुठं हा प्रश्न निम्मा सुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं पगारातून व्यवसाय कर कापतात. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. राज्यघटनेच्या कलम 276 नं त्यावर जाऊच दिलेलं नाही, आणि महाराष्ट्रात तोही राज्य सरकारच गोळा करतं. संभाजीनगर महापालिकेची जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा तो सुटला आणि 2017 मध्ये जीएसटीनं उरलासुरला संपवला. आता मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि राज्याकडून येणारं अनुदान. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत उद्या मोठा कारखाना आला तरी तिथल्या पगारातला रुपयाही थेट महापालिकेकडं येत नाही.

ओहायोतल्या शहरांचं पोटच पगारावर भरतं. टोलेडोनं 1946 मध्ये हा कर सुरू केला आणि मग बाकीची शहरं मागोमाग गेली. 1 टक्क्यापर्यंत नगर परिषद स्वतः लावू शकते. त्यापुढं जायचं तर लोकांचं मतदान घ्यावं लागतं. कोलंबसनं 2009 मध्ये असं मतदान घेऊन 2 चा दर 2.5 केला. (तू व्हिसावर येणार, म्हणजे कर भरशील पण मत देता येणार नाही. याची सवय होते.)

कोलंबसमध्ये या कराचा चौथा हिस्सा वेगळ्या फंडात जातो. शहरानं रस्ते, पाइपलाइन, उद्यानं, अग्निशमन केंद्रं यांसाठी काढलेल्या बाँडचे हप्ते त्यातून फिटतात. शेजारचं डब्लिनही आपल्या 2 टक्क्यांतला चौथा हिस्सा अशाच भांडवली कामांना ठेवतं. तिथले ऑफिस पार्क बघशील तेव्हा लक्षात येईल, रस्ता आधी होतो, कंपनी नंतर येते. येणाऱ्या कंपनीच्या पगारातूनच तो रस्ता वसूल व्हायचा असतो.

आता खरा खेळ. कर आधी घेतं ते नोकरीचं गाव, राहतं गाव नंतर. त्यामुळं प्रत्येक शहराला घरांपेक्षा नोकऱ्या हव्या असतात. कोलंबस डाउनटाउनमध्ये नव्या नोकऱ्या आणणाऱ्या कंपनीला त्या नोकऱ्यांवर कापलेल्या सिटी टॅक्सचा निम्मा भाग काही वर्षं परत देण्याची योजना चालवतं. म्हणजे तुझ्या पगारातून कापलेलं तुझ्याच कंपनीच्या खिशात. मला हे फारसं पटत नाही. नवं काही उभं राहिलं तर ठीक. पण कंपनी एका उपनगरातून उठून दहा मैलांवरच्या दुसऱ्या उपनगरात जाते, तेव्हा नोकरी तीच राहते आणि फक्त कराची पावती बदलते.

आणखी एक प्रकार तुला वाळूजमुळं चटकन कळेल. इथल्या टाउनशिपला, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीला, पगारावर कर लावायचा अधिकार नाही. शेजारच्या शहराकडं पाणी आणि ड्रेनेज असतं, टाउनशिपकडं जमीन. मग दोघं मिळून एक संयुक्त विकास क्षेत्र करतात, त्याला ‘जेड’ (इंग्रजीत JEDD) म्हणतात. ॲक्रननं 1994 मध्ये शेजारच्या टाउनशिपांशी असे करार केले: शहर पाणी आणि ड्रेनेज देणार, हद्दवाढ करणार नाही, मालमत्ता कर टाउनशिपकडं राहणार आणि तिथल्या पगारांवरचा कर शहराला. आपल्याकडं हद्दवाढीचं नुसतं नाव निघालं तरी गावं मोर्चा काढतात. वाळूजला पाणी एमआयडीसीच देते, म्हणून ही तुलना तंतोतंत बसत नाही, पण असा सौदा आपल्याकडं कुणी मांडून तरी बघावा असं वाटतं.

आता तुझा हिशोब. पगार 90,000 डॉलर धरू. ऑफिस कोलंबसमध्ये, म्हणजे 2250 तिथं गेलेच. डब्लिनचा दर 2 टक्के, पण बाहेर भरलेल्या कराची तिथं तेवढ्यापर्यंत पूर्ण सूट मिळते. वेगळं काही द्यायचं नाही. हिलियर्डचं तसंच. 2021 च्या मतदानात त्यांनी दर 2 चा 2.5 केला, नवं कम्युनिटी सेंटर आणि उद्यानांसाठी, आणि सूटही पूर्ण दिली. त्यामुळं कोलंबसला जाणाऱ्या हिलियर्डकराला वाढीव काहीच पडत नाही आणि पोहण्याचा तलाव मात्र मिळतो. उलट राहणं कोलंबसला आणि ऑफिस डब्लिनला असेल, तर डब्लिनला 1800 आणि उरलेल्या अर्ध्या टक्क्याचे 450 कोलंबसला. तुझं ऑफिस नक्की कुठल्या हद्दीत आहे ते एचआरला लेखी विचार.

आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायला मिळणार असेल तर ते दिवस राहत्या गावाच्या खात्यात जातात. कोविडच्या काळात ओहायोनं कायदा करून घरी बसलेल्यांचाही कर ऑफिसच्या शहराकडंच ठेवला होता. ती सोय आता संपली. म्हणून कुठल्या दिवशी कुठं बसलास याची नोंद ठेव.

दोन गोष्टी नवीन आलेल्यांना हमखास चकवतात. एक, 401(के) मध्ये, म्हणजे पगारातून कापून होणाऱ्या निवृत्तीच्या बचतीत, टाकलेले पैसे. फेडरल टॅक्समधून ते वगळतात, सिटी टॅक्समधून नाही. 9,000 टाकलेस तर फेडरलसाठी पगार 81,000, शहरासाठी पूर्ण 90,000. जानेवारीत कंपनीकडून येणाऱ्या डब्ल्यू-2 फॉर्मच्या (आपल्या फॉर्म 16 सारखा वर्षाच्या पगाराचा दाखला) 18 नंबरच्या चौकटीत मोठा आकडा दिसला तर घाबरू नको. 19 मध्ये कापलेला कर आणि 20 मध्ये शहराचं नाव असतं, ते मात्र तपास. दुसरी, शहराचं रिटर्न वेगळं असतं. हिलियर्डसारखी बरीच गावं ते ‘रिटा’ नावाच्या, अनेक गावांचा कर एकत्र गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. देणं शून्य असलं तरी रिटर्न भरावं लागू शकतं, आणि नाही भरलं की नोटीस येते.

लीजवर सही करण्याआधी एवढं कर. पत्त्यात ‘डब्लिन’ किंवा ‘हिलियर्ड’ लिहिलेलं असलं तरी इमारत कोलंबसच्या हद्दीत असू शकते. पोस्टाची हद्द वेगळी, शहराची वेगळी, आणि शाळेची तिसरीच. ओहायोच्या कर विभागाच्या वेबसाइटवर ‘द फाइंडर’ आहे, त्यात पूर्ण पत्ता टाकला की कुठल्या शहराचा कर लागतो आणि शाळेचा जिल्हा कुठला ते कळतं. काही शाळा जिल्हे राहत्या पत्त्यावरून वेगळा इन्कम टॅक्स लावतात, त्यावर दुसऱ्या शहरात भरलेल्या कराची सूट चालत नाही. दोन-तीन अपार्टमेंटचे पत्ते पाठव, मी बघून सांगतो.