पंचवीस डॉलरचे आश्वासन आणि अल्बर्टातील महिला आमदार

प्रश्न : जागतिक महामंदीच्या काळात कॅनडातील अल्बर्टा प्रांतात चलनव्यवस्था बदलू पाहणारा ‘सोशल क्रेडिट’ पक्ष सत्तेवर आला, तेव्हा एडिथ रॉजर्स याही निवडून आल्या होत्या. त्या चलनसुधारणेत त्यांचा वाटा कितपत होता? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रॉजर्स यांचा वाटा मुख्यतः प्रचाराचा होता, मात्र या चळवळीत प्रचार म्हणजे अर्थशास्त्राची शिकवणीच असे. गव्हाचा भाव बुशेलला 40 सेंटांखाली गेला आणि कर्जाचे हप्ते पूर्वीचेच राहिले, तेव्हा कॅल्गरीतील मुख्याध्यापक आणि रेडिओवरील धर्मोपदेशक विल्यम ॲबरहार्ट यांनी ब्रिटिश अभियंता मेजर सी. एच. डग्लस यांची मांडणी उचलून धरली. कारखाना मजुरी, पगार आणि नफ्याच्या रूपाने जे वाटतो, त्याखेरीज कच्च्या मालाचा आणि बँकेच्या देण्याचा खर्चही किमतीत धरतो. म्हणून लोकांच्या हाती आलेल्या पैशातून सगळा माल विकत घेणे अशक्य होते आणि ही तूट नागरिकांना लाभांश देऊन भरून काढावी, असे डग्लस म्हणत. (कच्च्या मालाची किंमतही आधी कोणाची तरी मजुरी झालेली असते, हा अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो.) ॲबरहार्ट यांच्याकडून हे समजून घेऊन ते इतरांपर्यंत पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्यांत रॉजर्स होत्या. प्रांतभर अभ्यासमंडळे निघाली होती, आणि प्रत्येक प्रौढाला या लाभांशाचे दरमहा 25 डॉलर मिळतील हे आश्वासन तर सिद्धान्त न कळलेल्यालाही कळत होते.

22 ऑगस्ट 1935 रोजी पक्षाला 63 पैकी 56 जागा मिळाल्या. पोनोकामधून रॉजर्स आणि कॅल्गरीतून एडिथ गॉस्टिक निवडून आल्या. मंत्रिमंडळात मात्र एकीलाही स्थान मिळाले नाही. शेतकऱ्यांच्या पक्षाच्या आधीच्या सरकारात आयरीन पार्लबी 1921 पासून बिनखात्याच्या मंत्री होत्या, हे पाहता स्त्रियांच्या अधिकाराबाबत नवे सरकार एक पाऊल मागेच गेले, असे म्हणावे लागेल.

1936 मध्ये सरकारने ‘समृद्धी प्रमाणपत्रे’ काढली. एका डॉलरच्या या कागदामागे दर आठवड्याला एक सेंटचे तिकीट चिकटवावे लागे, त्यामुळे तो जवळ ठेवण्यापेक्षा खर्चून टाकणेच परवडे. ही कल्पना डग्लस यांची नव्हतीच, ती जर्मन अर्थविचारक सिल्व्हिओ गेझेल यांची. व्यापाऱ्यांनी नाके मुरडली आणि प्रयोग बारगळला. लाभांश मिळेना म्हणून 1937 मध्ये पक्षाच्याच मागील बाकांवरील आमदारांनी बंड करून ॲबरहार्ट यांना ही योजना अमलात आणण्यासाठी ‘सोशल क्रेडिट मंडळ’ नेमायला भाग पाडले. परंतु चलन आणि बँका हे केंद्राचे विषय असल्याने पुढचे कायदे टिकले नाहीत. 1938 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रांताच्या विरुद्ध निकाल दिला.

रॉजर्स यांची आमदारकी 1940 मध्ये संपली. पक्ष 1971 पर्यंत सत्तेत राहिला आणि 1957 मध्ये त्याने नागरिकांना प्रत्येकी 20 डॉलर वाटलेही, पण ते तेलाच्या उत्पन्नातून.