एसीएलच्या (गुडघ्यातली हाडं जोडणाऱ्या एका मुख्य लिगामेंटच्या) ऑपरेशनला ६ महिने झालेत आणि क्लब रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या, दारात आहे, तर फुटबॉलच्या डिफेंडरने उरलेले सामने खेळावेत का?

खेळू नये. एसीएलच्या ऑपरेशननंतर स्पर्धात्मक सामन्यासाठी किमान ९ महिने धरतात. त्याआधी उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. स्पोर्ट्स फिजिओ म्हणून सांगतो, सहाव्या महिन्यात खेळाडू सरळ रेषेत झकास धावतो आणि तिथेच सगळे फसतात. डिफेंडरचं खरं काम म्हणजे मागे मागे सरकताना एका पायावर गर्रकन वळून स्ट्रायकरच्या मागे सुटणं. नव्या लिगामेंटचा कस तिथे लागतो. लिव्हरपूलच्या डिफेंडरचं, व्हर्जिल व्हॅन डाइकचंच बघा: ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध गुडघा गेला, पुढे लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगचे सलग ६ सामने हरलं, तरी त्या मोसमात त्याला उतरवलं नाही. युरो कपही त्याने सोडला. लीगमध्ये परतला तो थेट ऑगस्ट २०२१ मध्ये, नॉर्विचविरुद्ध. अर्थात ९ महिने भरले म्हणजे परवाना मिळाला असं नाही: मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांतही तेवढीच. मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवला असेल तर आणखी थांबावं लागू शकतं.