आईचा रविवार

"मॅडम, मी स्वार्थी आहे का?" नागपुरातल्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती येऊन बसली आणि तिने आधी हेच विचारलं. वय २७, मिहान या उद्योगक्षेत्रातल्या आयटी कंपनीत नोकरी, नुकतीच टीम लीड झालेली. लग्न ठरलेलं, मुलगा पुण्यात. राजीनाम्याचा मेल लिहून तयार होता, पण पाठवायला हात धजत नव्हता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"तो माझ्यासाठी एवढं करून राहिला, न माझ्याच्यानं एक नोकरी सोडवत नाही."

त्याने केलेलं खरंच लहान नव्हतं. तिच्या वाढदिवसाला तो न कळवता रातोरात ट्रॅव्हल्सने आला होता, सातशे किलोमीटरच्या वर. लग्नाला नकार देणाऱ्या स्वतःच्या वडिलांशी दोन महिने बोलला नव्हता. सिगारेट सोडली होती.

पण मला त्यात पडद्यावरचा हिशेब दिसत होता. प्रेमाच्या सिनेमात नायकाचा त्याग म्हणजे एक प्रसंग असतो. पाऊस असतो, पार्श्वसंगीत असतं, सगळं गाव बघत असतं. नायिका शहर, काम, माहेर सोडते तेव्हा मात्र सिनेमा संपलेला असतो. तिच्या सोडण्याला प्रसंगच नसतो, म्हणून ते मोजलंही जात नाही. १९७३ च्या ‘अभिमान’मध्ये गायिका बायकोचं नाव नवऱ्यापेक्षा मोठं होतं, संसार तडकतो आणि ती गाणं सोडते. सिनेमा दोष त्याच्या अहंकाराला देतो, हे त्याचं मोठेपण. शेवटी दोघं पुन्हा एकत्र गातात, तरी संसार वाचवायला गाणं सोडलं ते तिनेच. हा माझ्यासमोर बसलेल्या या मुलीच्या आईचा आवडता सिनेमा. "संसारासाठी सोडलं बिचारीनं," असं आई दर वेळी कौतुकाने म्हणते, तिने सांगितलं.

पुढच्या खेपेला दोघं आले. मी एकेक कोरा कागद दिला. या लग्नासाठी काय सोडलं किंवा सोडणार आहात, ते लिहा. प्रत्येक ओळीपुढे तीन उत्तरं: कुणी मागितलं? परत मिळेल का? एकदाच द्यायचं की रोज?

त्याच्या कागदावर चार ओळी, ठळक अक्षरात. तिचं बारीक अक्षर कागदाच्या मागच्या बाजूला गेलं. टीम, पगार, शनिवारचं कथक, आडनाव. (लग्नानंतर आडनाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, हे दोघांनाही मी तेव्हा सांगितलं.) ‘कुणी मागितलं?’ या रकान्यात तिने बहुतेक ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: कुणीच नाही.

"मी तं तिला नोकरी सोड म्हटलंच नाही, मॅडम," तो म्हणाला. खरं बोलत होता.

"म्हटलं नाहीस. पण काय करायचं, हे विचारलं पण नाहीस," ती म्हणाली.

मग त्याचं बोट तिच्या शेवटच्या ओळीवर थांबलं. "आईचा रविवार. हे काय?"

दर रविवारी ती आईला स्कूटीवरून गुडघ्यांच्या फिजिओथेरपीला नेते. येताना दोघी तर्री पोहे खातात. दोन वर्षांपासून. आईचे गुडघे दुखतात एवढं त्याला माहीत होतं. बराच वेळ तो कागद खाली ठेवेना.

"हिशेब मांडला की प्रेम आटतं" असं माझ्याकडे येणाऱ्या मुली हमखास म्हणतात. मला उलटं दिसतं. न मांडलेला हिशेब मनात साठत जातो आणि दहा वर्षांनी एखाद्या क्षुल्लक भांडणात चक्रवाढ व्याजासकट बाहेर येतो. तेव्हा नवऱ्याला खरोखर कळत नाही की हे कुठलं. सोडायचं ते सोडा, पण समोरच्याला दिसेल असं, त्याने विचारल्यावर, आणि त्याच्या बाजूने काय येणार हे बोलून. त्याग तिनेच करायचा असं आधीच धरून चालू नका.

जाताना त्याने तिला विचारलं, "रविवारी किती वाजता जावं लागते?"

"साडेनऊ."

नागपुरातून काम करता येईल का, हे त्याने आता त्याच्या मॅनेजरला विचारलं आहे. उत्तर यायचं आहे. तिचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.